खाटेच्या पायथ्याशी टांगलेलं पान

शस्त्रक्रियेच्या वॉर्डातलं सगळ्यात सकस लेखन खाटेच्या पायथ्याशी, क्लिपबोर्डला लावलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. ते लिहिणाऱ्या सिस्टरला आपण काही लिहितोय असं वाटतही नसतं. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, लघवी, ड्रेन आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना, एवढाच त्याचा ऐवज. राउंडला डॉक्टर येतात, पान उलटतात, शेवटचा आकडा बघतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. पण शेवटच्या आकड्याने हे पान कळत नाही. डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, अशा दोन्ही दिशांनी ते सावकाश वाचावं लागतं.

इथे मी असंच एक पान वाचणार आहे. ते कुणा एका रुग्णाचं नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडच्या रुग्णालयांतल्या नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यासाठी, अनेक पानांतले बारकावे एकत्र करून मी ते बांधलं आहे. रुग्ण ५८ वर्षांची बाई, वजन ६० किलो, तीन बाळंतपणं झालेली. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ, तो भाग काढून आतड्याची दोन टोकं पुन्हा जोडलेली. गाठीतून महिनोन्महिने थोडंथोडं रक्त गेल्यामुळे हिमोग्लोबिन आधीच ७.८. शस्त्रक्रियेच्या रात्री लाल पेशींची एक पिशवी चढवली. पान तिथून सुरू होतं आणि सहाव्या दिवसापर्यंत जातं.

पहिला कागद रक्त चढवण्याचा. त्यावरचा पहिला आकडा म्हणजे वेळ: रक्तकेंद्रातून पिशवी निघाली १०.१५ला, सलाईनच्या स्टँडला लागली १०.४०ला. मधली २५ मिनिटं मला फार बोलकी वाटतात. मोठ्या रुग्णालयात रक्तकेंद्र एखाद्या मजल्यावर असतं, वॉर्डबॉय पिशवी घेऊन येतो. उपनगरातल्या छोट्या नर्सिंग होमला स्वतःचं रक्तकेंद्र नसतं. मग रात्री नातेवाईक चिठ्ठी आणि नमुना घेऊन रिक्षाने निघतात आणि बर्फाच्या डब्यातून पिशवी आणतात. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेली पिशवी परत साठ्यात घेत नाहीत, आणि एकदा लावली की चार तासांच्या आत संपवायची. म्हणून १०.१५ आणि १०.४० हे दोन आकडे शेजारी दिसले की पिशवीचा सगळा प्रवास डोळ्यांपुढून जातो. ज्या पानावर फक्त ‘रक्त लावले’ एवढंच असतं, ते पान मला वाचताच येत नाही.

त्याखाली दोन सह्या. खाटेपाशी उभं राहून दोघींनी नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदत ताडून पाहिल्याची ही खूण. जिवावर बेतणाऱ्या रक्तगटाच्या चुका प्रयोगशाळेत कमी आणि इथे, ओळख पटवताना जास्त होतात. नमुना एकाचा, चिठ्ठी दुसऱ्याची. शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाच्या दोन बायका असणं आपल्या वॉर्डांत रोजचंच. म्हणून चांगली सिस्टर ‘तुम्ही अमुकबाई ना?’ असं विचारत नाही. अर्धवट गुंगीतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ती विचारते, ‘ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं.’ उत्तर बाईच्या तोंडून यायला हवं. आपल्या पानावर दुसऱ्या सहीपुढे लिहिलंय: ‘रुग्णाने स्वतः नाव सांगितले.’ या चार शब्दांसाठी मी त्या अक्षराला दाद देतो.

मग तापमान. सुरुवातीला ९८.८, पंधराव्या मिनिटाला ९९.२, पिशवी संपली १.५०ला, तेव्हा ९९.६. नाडी ९२, ९६, ९४. इथे घाईने वाचणारा म्हणतो, ताप चढतोय, रक्ताची रिअॅक्शन. जरा थांबावं. रक्तामुळे ताप आला असं म्हणायला साधारण एक अंश सेल्सिअसची वाढ लागते. आपल्या वॉर्डांत थर्मामीटर फॅरनहाइटचा, म्हणजे १.८ अंशांची. ९८.८ पासून १००.६ व्हायला हवं होतं. ही वाढ ०.८ची. शिवाय आतड्यावर शस्त्रक्रिया होऊन काही तासच झालेत, पोटातल्या जखमेची स्वतःची ऊब असतेच. पहिल्या दोन दिवसांचा सौम्य ताप बहुतेक वेळा संसर्गाचा नसतो, शरीराच्या त्या जखमेला दिलेल्या उत्तराचा असतो. पंधराव्या मिनिटाची नोंद असल्यामुळेच आपण हे इतक्या निर्धास्तपणे म्हणू शकतो. पहिली पंधरा मिनिटं रक्त हळू सोडायचं आणि सिस्टरने जवळच थांबायचं, हा नियम यासाठीच आहे. रक्तगट चुकलेला असेल तर थोड्याशाच रक्ताने शरीर ओरडू लागतं, आणि जितकं कमी गेलं असेल तितका जीव वाचण्याचा संभव जास्त.

ते ओरडणं कसं असतं? थंडी वाजते, छाती भरून येते, कंबर दुखते, सुई लावली तिथे आग होते, रक्तदाब उतरतो, लघवी लाल होते. आणि त्याच्याही आधी पुष्कळदा रुग्ण म्हणतो, ‘सिस्टर, मला कसंतरीच होतंय.’ माझ्या दृष्टीने शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्याजोगं याहून मोलाचं वाक्य नाही. ते जसंच्या तसं, वेळेसह लिहावं. त्याच्या जागी ‘रुग्ण अस्वस्थ’ लिहिलं की वाचणारा झोपेचं औषध लिहून मोकळा होतो.

आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाबाबतीत मात्र हा आवाज दाबला जाण्याची बरीच कारणं असतात, आणि जाणत्या वाचकाची खरी कसोटी तिथेच लागते. पाठीत एपिड्यूरल असेल तर कंबर दुखणारच नाही. रात्री १०ला शिरेतून पॅरासिटामॉल दिलेलं असेल तर ९९.२चा अर्थ बदलतो. रक्तदाबासाठी आधीपासून बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी चढायलाच तयार नसते. आणि रक्त ऑपरेशन टेबलावरच चढवलं असेल तर भूल दिलेला माणूस बोलणार काय? तिथे खुणा उरतात त्या एवढ्याच: जखमेतून सगळीकडून रक्त पाझरू लागणं, कारण न सापडता दाब कोसळणं, लघवीच्या पिशवीतला लाल रंग. म्हणून तापाचा आकडा एकटा वाचू नये, शेजारचा औषधांचा कागद उघडून त्याच्याबरोबर वाचावा.

त्या रात्री या पानावर काही घडलं नाही. घडलं असतं तर पुढच्या ओळी कशा हव्या होत्या, हे मला पाठ आहे. रक्त बंद. सुई काढायची नाही, शीर चालू ठेवायची. नवा सेट लावून नॉर्मल सलाईन. रिंगर लॅक्टेट नको, त्यातल्या कॅल्शियममुळे नळीत उरलेलं रक्त गोठू शकतं. नाव आणि पिशवी पुन्हा ताडायची. डॉक्टरांना बोलावलं, वेळ. पिशवी कचऱ्यात टाकायची नाही, सेटसकट रक्तकेंद्राकडे पाठवायची, सोबत रुग्णाच्या रक्ताचा नवा नमुना आणि लघवी. नुसती अंगावर गांधी उठली आणि बाकी सगळं ठीक असेल तरच, ऍलर्जीचं औषध देऊन डॉक्टर तीच पिशवी पुन्हा सावकाश सुरू करायला सांगू शकतात. ताप, दम, दाब उतरणं यांपैकी काहीही असेल तर ती मुभा नाही.

दम लागला तर दाबाचा रकाना वाचावा. दम आणि चढलेला दाब एकत्र आले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि दिवसभरात बाईच्या अंगात सलाईनही बरंच गेलेलं असलं, तर हृदयावर द्रवाचा भार पडलाय. दम आहे, ताप आहे आणि दाब मात्र खाली गेलाय, तेही रक्त दिल्यापासून सहा तासांच्या आत, तर फुप्फुसालाच इजा झाल्याची शंका घ्यायची. पहिल्यात द्रव काढायचं औषध उपयोगी पडतं, दुसऱ्यात तेच औषध घात करू शकतं. छातीचा एक्स-रे दोन्हींत सारखाच पांढुरका दिसू शकतो. तेव्हा या पानावरचा एक दाबाचा आकडा एक्स-रेपेक्षा जास्त सांगून जातो.

याच कागदाच्या कोपऱ्यात रक्तगट लिहिलेला आहे: ‘ओ’ पॉझिटिव्ह. मुंबईकर वाचकाने या एका अक्षरापाशी थांबलंच पाहिजे. १९५२मध्ये परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी, लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह, ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटासा लेख लिहिला. काही माणसांच्या पेशी ‘ओ’सारख्या दिसत होत्या, पण त्यांचा सीरम ‘ओ’ रक्तालाही नाकारत होता. ‘ए’ आणि ‘बी’ ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ नावाचा पदार्थच त्यांच्या पेशींवर नव्हता, उलट त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी त्यांच्या रक्तात होत्या. जगभर हा गट ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जातो. शहराचं नाव बदललं तरी या रक्तगटाचं बदललं नाही. अशा माणसाला साधं ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेतेल अशी रिअॅक्शन येते. म्हणून रक्तगट ठरवताना पेशींची बाजू आणि सीरमची बाजू, दोन्ही वाचतात, आणि सीरम ‘ओ’ पेशींसमोरही ठेवून पाहतात. आपल्या बाईच्या कागदावर दोन्ही बाजू जुळल्याची नोंद आहे आणि क्रॉसमॅचही (तिचा सीरम आणि पिशवीतल्या पेशी यांची पडताळणी) जुळलंय. हे सगळं बरोबर असूनही सहाव्या दिवशी काय झालं, ते पुढे येतंच.

आता दुसरा कागद, दिवसांचा. पहिल्या दिवशी नाडी ९०, लघवी तासाला ४० मिलि. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० हवी, तेव्हा ठीक. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. तिसऱ्या दिवशी पोट जरा फुगलेलं, उलटी नाही. चौथ्या दिवशी शेऱ्यात: ‘गॅस पास झाला.’ शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एवढ्या आतुरतेने विचारला जाणारा दुसरा प्रश्न नसेल, आणि त्याचं ‘हो’ ऐकून म्हाताऱ्या सर्जनचाही चेहरा खुलतो. आतडं जागं झालं. ड्रेनमध्ये पाणचट, पिवळसर स्राव, रोज कमी होत जाणारा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जोड सुटला तर पोटात विष्ठा झिरपते. बहुतेक वेळा हे तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान कळून येतं. पण पोट लाकडासारखं कडक होणं, ड्रेनमध्ये घाण येणं, ताप १०२वर जाणं ही शेवटची वाक्यं आहेत. त्याआधीच्या ओळी हळू आवाजातल्या असतात. नाडी ८८ची ९६, ९६ची १०४ होते आणि ताप अजून आलेलाच नसतो. श्वास १८चा २४ होतो. काल उठून बसणारी बाई आज कूस बदलायला नको म्हणते. चौथ्या दिवशी सरलेली हवा पाचव्या दिवशी बंद होते. नेदरलंड्समधल्या शल्यविशारदांनी २००९मध्ये जोड सुटल्याची शंका लवकर यावी म्हणून एक गुणतालिका केली. तिच्या नंतरच्या छोट्या आवृत्तीत चारच गोष्टी आहेत: श्वासाचा वेग, पोटदुखी, रक्तातलं सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारं प्रथिन) आणि रुग्णाची एकूण अवस्था बिघडणं. शेवटची गोष्ट मोजायला यंत्र नाही. ‘आज या बरोबर दिसत नाहीत’ असं रात्रपाळीची सिस्टर सकाळी चार्ज देताना म्हणते, तेच हे.

श्वासाच्या रकान्याबद्दल मला तक्रार आहे आणि ती या पानाबद्दलही आहे. पहिले चार दिवस दर वेळी १८. सकाळी १८, रात्री १८, पहाटे १८. खरा श्वास इतका एकसुरी नसतो. पूर्ण मिनिट छातीकडे बघत मोजायला वेळ मिळत नाही. एका सिस्टरकडे खाटा किती असतात ते ज्याने पाहिलंय तो तिला दोष देणार नाही. पण मग रकाना मुका होतो. पाचव्या दिवशी रात्री अक्षर बदलतं, दुसरी कुणी आली आहे, आणि लिहिलंय: २२. पाठोपाठ १९, मग पहाटे २३. हे मोजलेले श्वास आहेत. या तीन आकड्यांनी पान पुन्हा जिवंत होतं.

सहावा दिवस. नाडी ११२. ताप १००.६. श्वास २३. हिमोग्लोबिन, जे रक्त दिल्यानंतर ९.४ होतं, ते ७.९. पॅरासिटामॉल आदल्या दिवसापासून बंद, म्हणजे तापाचा आकडा उघडा आहे. आतड्याच्या शस्त्रक्रियेचा सहावा दिवस, चढती नाडी, ताप. कोणीही म्हणेल, जोड सुटला. आणि तसं म्हणायलाच हवं, कारण ही शंका उशिरा घेतली तर माणूस हातचा जातो.

पण पान उभं वाचलं की दुसरी कथा दिसू लागते. पोट मऊ, हवा सरते आहे, ड्रेन तसाच पाणचट आणि कमी. सीआरपी तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होतं आणि तिथून उतरत आलंय. जोड सुटला असता तर ते सहसा उतरत नाही. शौचाला रक्त नाही, ड्रेनमध्ये रक्त नाही, मग हिमोग्लोबिन गेलं कुठे? आणि शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, मुलीने सांगितलेलं: ‘सिस्टर, आईची लघवी कालपासून कोऱ्या चहासारखी येतेय.’ त्याच ओळीत सिस्टरने पुढे जोडलंय: डोळे किंचित पिवळे.

रक्त चढवलं ती रात्र आणि हा दिवस यांच्यामध्ये सहा दिवस आहेत. उशिरा येणारी रक्ताची रिअॅक्शन साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये दिसते. या बाईला तीन बाळंतपणं झाली होती. गरोदरपणात बाळाच्या लाल पेशी आईच्या रक्तात थोड्याफार जातात, आणि बापाकडून आलेली एखादी खूण आईच्या शरीराला परकी वाटली तर ते तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. ए, बी, ओ आणि आरएच डी यांच्यापलीकडेही रक्ताचे पुष्कळ गट आहेत. त्यातला ‘किड’ हा या बाबतीत सगळ्यात लबाड. त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी वर्षं गेली की इतक्या ओसरतात की चाचणीत सापडत नाहीत. क्रॉसमॅच जुळतं. मग तीच खूण घेऊन आलेली पिशवी चढते, शरीराला जुनी ओळख आठवते, काही दिवसांत अँटिबॉडी भराभर वाढतात आणि दिलेल्या पेशी फुटू लागतात. ताप, कावीळ, गडद लघवी, रक्तस्राव नसताना उतरणारं हिमोग्लोबिन. म्हणजे जोड सुटण्याचे दिवस आणि या रिअॅक्शनचे दिवस पंचांगात एकमेकांवर पडतात, आणि दोन्हींची पहिली ओळ एकच: नाडी चढली, ताप आला.

म्हणून या पानाचं सौंदर्य माझ्या मते सहाव्या दिवसाच्या दोन सूचनांमध्ये आहे. त्या एकाखाली एक, एकाच अक्षरात आहेत: ‘पोटाचा सीटी स्कॅन, आजच.’ आणि ‘डायरेक्ट कूम्ब्स, बिलिरुबिन, एलडीएच, रक्तकेंद्राला नवा नमुना, रुग्णाला सहा दिवसांपूर्वी रक्त दिल्याचे कळवणे.’ लिहिणाऱ्याने एक कथा निवडून दुसरी टाकून दिली नाही. दुसरी जास्त पटत असतानाही पहिली धोक्याची आहे, तेव्हा ती आधी तपासली. त्याच्या खाली तिसरी सूचनाही आहे: ‘तोवर नवीन पिशवी लावू नये, अगदी गरज पडल्यास रक्तकेंद्राशी बोलून.’ हिमोग्लोबिन ७.९ बघून हात सहज पुढच्या पिशवीकडे गेला असता, आणि ती पिशवीही त्याच खुणेची निघाली असती तर आगीत तेल. स्कॅनमध्ये जोड शाबूत निघाला. कूम्ब्स पॉझिटिव्ह, म्हणजे लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटलेल्या. बिलिरुबिन २.८, बहुतेक सगळं इनडायरेक्ट. रक्तकेंद्राच्या उत्तरात किडविरुद्धच्या अँटिबॉडीचं नाव.

आपल्याकडे रक्त देण्यापूर्वी अशा अँटिबॉडी शोधायची चाचणी अजून सगळीकडे सर्रास होत नाही. झाली असती तरी या बाईच्या बाबतीत ती चुकली असण्याचा संभव होता. मग हाती काय राहतं? आधीच्या बाळंतपणांची आणि आधी कधी रक्त घेतल्याची विचारपूस, आणि हे पान. देशात २०१२च्या १० डिसेंबरपासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. रक्ताच्या अशा रिअॅक्शनची नोंद नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्सकडे जाते. त्या फॉर्मवरचे बरेचसे रकाने खाटेच्या पायथ्याच्या कागदावरूनच भरले जातात. तिथे पंधराव्या मिनिटाची नोंद नसेल तर फॉर्मवरही ती रिकामीच राहते.

शेवटचा कागद डिस्चार्ज कार्डाचा. त्यावर लाल शाईत: ‘अँटी-किड (जेके-ए) अँटिबॉडी आहे. पुढे कधीही रक्त लागल्यास जेके-ए निगेटिव्ह रक्तच द्यावे.’ आणि त्याच मजकुराचं एक छोटं कार्ड वेगळं, मुलीच्या हातात, आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगून दिलेलं. काही महिन्यांनी ही अँटिबॉडी पुन्हा चाचणीच्या टप्प्याखाली जाईल. बाई उद्या मुलुंडला ऍडमिट होवोत किंवा गावी रत्नागिरीला, तिथलं क्रॉसमॅच पुन्हा बिनचूक जुळेल. तेव्हा रक्ताची चिठ्ठी लिहिण्याआधी हे कार्ड दाखवायचं, हे त्या मुलीला कुणीतरी समोर बसवून, दोनदा समजावून सांगितलं असावं. कार्डाच्या मागे तिची सही आहे.